जागराच्या उजेडात काढलेला रोल सोळाशेवर कसा धुवावा

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांत ज्ञानेश्वरी पारायण बसलं की रात्रीचा जागर जेवणं उरकल्यावर रंगात येतो. मांडवाच्या खांबांना दोन-चार ट्यूब बांधलेल्या असतात, गाभाऱ्यात समई असते, आणि विणेकऱ्याच्या डोक्यावर एखादा पिवळा बल्ब. अभंगामागून अभंग होतात, मधेच एखादं कन्नड पद येतं आणि टाळकऱ्यांची रांग डोलू लागते. अशा वेळी फ्लॅश मारणं मला पटत नाही. गाणाऱ्यांचे डोळे दिपतात आणि ज्या उजेडासाठी आपण कॅमेरा उचलला तोच त्या झगमगाटात पुसला जातो.

मग आयएसओ चारशेचा कृष्णधवल रोल घालून (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग; आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो) उजेडाचं माप घ्यावं, तर एफ २ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं ठेवूनही, १/१५ सेकंद येतं. इतक्या वेळात टाळ धरलेले हात म्हणजे नुसता धूर. ५० मिमीची लेन्स हातात धरून काढायची तर निदान १/६० हवं. म्हणजे उजेड दोन स्टॉप कमी पडतोय (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तो तसाच कमी पडू द्यायचा आणि रोल धुताना डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवून भरपाई करायची, याला पुश करणं म्हणतात. चारशेवरून आठशे हा एक स्टॉप, सोळाशे हे दोन, बत्तीसशे हे तीन.

पुश केल्यानं रोलचा वेग खऱ्या अर्थानं वाढत नाही, हे आधी समजून घ्या. फिल्मवरच्या ज्या कणांना पुरेसा उजेड मिळाला, तेवढेच कण डेव्हलपरमध्ये काळे होतात. वेळ वाढवला की चेहऱ्यासारखे मधले भाग निगेटिव्हवर दाट होतात, पांढरे भाग त्याहून जास्त दाट होतात; निगेटिव्हवर जितकं दाट, तितकं फोटोत उजळ. सावलीत मात्र उजेड पोचलेलाच नसतो, त्यामुळे तिथं पाच मिनिटं वाढवा की दहा, जवळजवळ काहीच येत नाही. खांबामागं अंगावर घोंगडी घेऊन बसलेले आजोबा सोळाशेच्या फोटोत दिसणार नाहीत. ते हवे असतील तर पुढं जाऊन त्यांना उजेडात गाठायचं. काळं ते काळं राहणार, पांढरं जास्त पांढरं होणार आणि दाणा मोठा दिसणार, हे मान्य असेल तरच पुढं जा.

रोल घालण्याआधी

रोल ताजा घ्या. मुदत संपलेल्या फिल्मवर आधीच धूसरपणा चढलेला असतो आणि जास्त वेळ धुतल्यानं तो आणखी वाढतो. मी इल्फर्डचा एचपी५ प्लस वापरते. कोडॅकचा ट्राय-एक्स ४०० सुद्धा पुश चांगला सोसतो.

कॅमेऱ्याची आयएसओची चकती १६०० वर ठेवा. डबीवरचा कोड वाचून आयएसओ स्वतःच लावणारा कॅमेरा असेल, तर तो चारशेच धरेल. तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सोय, वजा दोनवर न्या. एका रोलला एकच वेग, छत्तीसच्या छत्तीस फोटोंना. निम्मा रोल दुपारच्या दिंडीचा चारशेवर आणि निम्मा रात्रीचा सोळाशेवर असं केलं, तर दोन्हींपैकी एक बिघडणारच, कारण धुण्याच्या टाकीत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या झाकणाच्या डब्यात, रोल अखंड जातो.

आणि डबीवर पेनानं ठळक १६०० लिहा. माझा पहिला जागराचा रोल मी एका स्टुडिओत धुवायला दिला, तेव्हा ना डबीवर लिहिलं ना तोंडानं सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे चारशेच्या वेळेत धुतला. हातात आलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या इतक्या पातळ, म्हणजे फिक्या, होत्या की विणेकऱ्याची पगडी तेवढी ओळखू येत होती. त्या वर्षीचे ते विणेकरी पुढच्या पारायणाला नव्हते. तेव्हापासून रोल घरीच धुते.

माप चेहऱ्याचं घ्या

चौकटीत ट्यूब किंवा बल्ब आला की मीटर फसतो, उजेड भरपूर आहे असं समजून चेहरे काळे करतो. पुशमध्ये सावलीला काहीच उरलेलं नसतं, तेव्हा ही चूक परवडत नाही. जवळ जाऊन चेहऱ्याचं माप घ्या, तेच आकडे कॅमेऱ्यावर पक्के करा आणि मग मागं येऊन चौकट जुळवा. जवळ जाणं बरं दिसत नसेल, तर त्याच बल्बाखाली स्वतःचा तळहात धरा. तळहात आपल्याकडच्या चेहऱ्यांहून साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून त्याचं माप घेऊन एक स्टॉप जास्त उघडा.

खरी पंचाईत टोप्यांची. सावळे चेहरे आणि कडक पांढऱ्या टोप्या एकाच ट्यूबखाली असल्या की पुशमुळं दोघांतलं अंतर आणखी ताणलं जातं. मी चेहऱ्याची बाजू घेते आणि टोपीची घडी गेली तरी चालवून घेते. शक्य असेल तिथं मात्र ट्यूबच्या अगदी खाली उभ्या असलेल्या माणसाऐवजी दोन हात बाजूला बसलेला माणूस निवडते. फोकस विणेकऱ्यावर सोपा जातो, कारण तो फारसा जागचा हलत नाही. टाळकऱ्यांसाठी पाऊल मागं जाऊन पुन्हा थांबतं, तो क्षण पकडा. तिथं १/६० पुरतं.

सगळीकडं सोळाशे लावू नका. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत किंवा विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावावर झगझगीत दिवे आणि त्यांच्यामागं गडद अंधार असतो. तिथं कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळ्यातला फरक, मुळातच जास्त; आणखी पुश केला की फक्त दिवे आणि काळोख उरतो. अशा ठिकाणी मी आठशेवर थांबते. देवळाची दीपमाळ काढायची असेल, तर पुश करायलाच नको. कॅमेरा तिपाईवर लावा, रोल चारशेवर ठेवा. मीटर १० सेकंद सांगत असेल तर एचपी५ ला २० सेकंद द्या, कारण लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनशीलता मंदावते.

वेळ आणि पाणी

एचपी५ प्लस इल्फर्डच्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, तो पातळ न करता, २० अंश सेल्सियसला धुवायचा तर चारशेला साडेसात मिनिटं, आठशेला साडेदहा आणि सोळाशेला १४ मिनिटं लागतात. मायक्रोफेन हे दुसरं डेव्हलपर मिळालं तर पुशसाठी ते जास्त चांगलं, सावलीत थोडं अधिक देतं. त्यात सोळाशेला ११ आणि बत्तीसशेला १६ मिनिटं. बत्तीसशेवर मी अगदी नाइलाज असेल तरच जाते. पुशच्या रोलला एकदा वापरलेलं डेव्हलपर पुन्हा घेऊ नका.

हे सगळे आकडे २० अंशांचे आहेत, आणि आपल्याकडं खरी अडचण इथंच येते. बेळगावची हवा थंड म्हणून नावाजलेली, पण चैत्रात माझ्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी २७-२८ अंशांवर असतं. एक अंश वाढला की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावा लागतो. २४ अंशांना १४ मिनिटांची साडेनऊच्या आसपास होतात. तापमानाकडं न बघता तशीच १४ मिनिटं दिली, तर दोन स्टॉपचा पुश तीनच्या वर जातो आणि चेहरे खडूसारखे निघतात.

थर्मामीटर विकत घ्या. बोटानं अंदाज घेऊन हे काम होत नाही. मी खानापूरच्या कुंभारांकडचा एक माठ फक्त रोल धुण्यासाठी ठेवला आहे. रात्री तो भरून सोप्यात वाऱ्याला ठेवते. सकाळी त्यातलं पाणी टबात ओतून डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं) आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं) या तिन्ही रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या करते. तेवढ्यानं भागलं नाही, तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून टबात सोडते. बर्फ बाटलीत टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतं. अर्ध्या तासात २० अंश मिळतात. आणि धुण्याचं पाणीही डेव्हलपरच्या दोन-तीन अंशांच्या आतलंच असू द्या.

टाकीत

रोल स्पूलवर, म्हणजे टाकीतल्या चक्रीवर, चढवायला पूर्ण अंधार हवा. चेंजिंग बॅग (हात आत घालून काम करायची उजेडबंद पिशवी) नसेल तर रात्री न्हाणीत बसून दाराच्या फटीला वाकळ लावा. पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावल्यावरही कुठं उजेडाची रेघ दिसली, तर ती आधी बुजवा. टाकीचं झाकण लागलं की पुढचं सगळं उजेडात.

डेव्हलपर ओता आणि घड्याळ लावा. पहिल्या १० सेकंदांत टाकी चार वेळा सावकाश उलटीसुलटी करा, मग टाकी एकदा ओट्यावर आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील. पुढं दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा तशाच चार वेळा. बाकी वेळ टाकीला हात लावू नका. पुशचा वेळ लांब असतो, हात शिवशिवतो आणि माणूस उगाच हलवत बसतो. मग टोप्या आणखी जळतात. शेवटचे १० सेकंद उरले की ओतायला सुरुवात करा.

स्टॉप बाथ १० सेकंद. मग रॅपिड फिक्सर, एकास चार पाणी, पाच मिनिटं. नंतर धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरून पाच वेळा उलटवा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून एकदा येतं तेव्हा ही पद्धत फार उपयोगी पडते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर बसतात, म्हणून शेवटची बुडी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात द्या. गॅरेजच्या दुकानात ते सहज मिळतं. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. ते विहिरीजवळ किंवा परसात ओतू नका, कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढणाऱ्याला द्या.

निगेटिव्ह वाचणं

ओल्या पट्टीच्या कडेचे आकडे आधी बघा. ते कारखान्यातच छापलेले असतात, आपल्या मापाशी त्यांचा संबंध नसतो. आकडे ठळक आणि फोटो पातळ, तर धुणं बरोबर झालंय, कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. आकडेही फिके, तर वेळ कमी पडला किंवा डेव्हलपर मेलं. आकडे ठळक, चेहरे भरलेले आणि सावल्यांच्या जागी जवळजवळ कोरी फिल्म असेल, तर पुश जमला.

पावसाळ्यात पट्टी वाळायला रात्र जाते. पंखा लावू नका, धूळ चिकटते. न्हाणीत गरम पाणी ओतून वाफ बसू दिली की हवेतली धूळ खाली बसते, मग तिथंच दोरीला टांगा आणि खाली चिमटा लावा. प्रिंट करताना नेहमीच्या दोन किंवा अडीचऐवजी दीड ग्रेडनं सुरुवात करा (ग्रेड जितकी कमी, तितका प्रिंटचा कॉन्ट्रास्ट कमी), आणि टोपीच्या जागी प्रकाश थोडा जास्त वेळ पडू द्या. पुष्कळदा गेली असं वाटलेली घडी तिथं परत दिसते.