शर्यतपटूच्या मनगटावरचे घड्याळ : दावा कसा तपासावा

जुन्या क्रोनोग्राफांच्या, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळांच्या, जाहिरातींत आणि लिलावांच्या वर्णनांत ‘अमुक शर्यतपटूचे घड्याळ’ हे शब्द सर्रास आढळतात. असा दावा तपासायला घेताना सर्वप्रथम त्याची फोड करावी. मोटारशर्यतीच्या चालकाने घड्याळ वापरले, कंपनीने ते त्याला भेट दिले, किंवा कंपनीने त्याला पैसे देऊन करारबद्ध केले, या तीन निरनिराळ्या गोष्टी असून प्रत्येकीला लागणारा पुरावा वेगळा असतो. बहुतेक घोटाळे या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच होतात.

स्विस चालक जो सिफर्ट यांचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. ह्युअर या स्विस घड्याळ कंपनीचे प्रमुख जॅक ह्युअर यांनी १९६९ मध्ये त्यांच्याशी करार केला. जॅक ह्युअर यांनी नंतर सांगितल्यानुसार मोबदला वर्षाला २५,००० स्विस फ्रँक होता आणि त्याखेरीज सिफर्ट यांना घाऊक दराने घड्याळे घेऊन ती इतर चालकांना विकण्याची मुभा होती. ही दुसरी अट तपासणाऱ्याने कधीही विसरू नये. कारण त्या काळातील एखाद्या छायाचित्रात दुसऱ्याच चालकाच्या मनगटावर ह्युअरचे घड्याळ दिसले, तर ते त्याने सरळ पैसे मोजून सहकाऱ्याकडून विकत घेतलेले असू शकते, आणि त्या छायाचित्रावरून प्रायोजकत्व सिद्ध होत नाही. याउलट चालकाच्या ओव्हरऑलवर (शर्यतीच्या अंगभर पोशाखावर) किंवा गाडीवर कंपनीचे चिन्ह दिसत असेल, तर ते कराराकडे बोट दाखवते. तरीही करार चालकाशी होता की संघाशी, हा प्रश्न उरतोच. १९७१ पासून ह्युअरचे फेरारी संघाशी नाते होते आणि संघाच्या चालकांना नाव व रक्तगट कोरलेली ह्युअरची सोन्याची ‘कॅरेरा’ नमुन्याची घड्याळे मिळत असत. म्हणून त्या घड्याळांना संघाच्या नात्यातूनच समजून घ्यावे.

यानंतर तारखा जुळवाव्यात. सिफर्ट यांचा मृत्यू २४ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रँड्स हॅच येथे, तर दुसरे शर्यतचालक योखेन रिंट यांचा ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे झाला. त्यानंतर बनलेले घड्याळ त्यांच्या मनगटावर असणे शक्यच नाही. संग्राहकांनी ह्युअरच्या ‘ऑटाव्हिया’ नमुन्याच्या काही घड्याळांना या दोघांची नावे दिली आहेत, पण टोपणनाव म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. त्याचप्रमाणे ‘टॅग ह्युअर’ हे नाव १९८५ मध्ये टॅग समूहाने कंपनी घेतल्यानंतरचे आहे. सत्तरच्या दशकातील म्हणून विकल्या जाणाऱ्या बिल्ल्यावर ते शिवलेले असेल, तर तो बिल्ला नंतरचा आहे.

छायाचित्र मोठे करून निरखावे. ३ मार्च १९६९ रोजी जाहीर झालेल्या स्वयंचलित यंत्रणेच्या ह्युअर ‘मोनाको’ घड्याळात चावी (काटे फिरवण्याची गोल कळ) डाव्या बाजूला आणि स्टॉपवॉचची दोन्ही बटणे उजवीकडे असतात. ती उलट्या बाजूंना दिसली, तर चित्र आरशातल्यासारखे उलटे छापलेले असण्याची शक्यता आधी धरावी आणि शेजारच्या गाडीचा क्रमांक किंवा एखादी पाटी सरळ वाचता येते का, ते पाहावे. चित्रपटातील दृश्यांना वेगळे ठेवावे: १९७० मध्ये चित्रित झालेल्या ‘ल मां’ या चित्रपटात अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी मोनाको घातले होते, पण त्यातून भूमिकेतील वापर तेवढा सिद्ध होतो.

‘पहिले’ हा शब्द दिसला की विशेष सावध व्हावे. मोटारउद्योगाबाहेरील पहिली प्रायोजक कंपनी ह्युअरच, असे विधान कोणी केल्यास ते टिकत नाही. कारण १९६८ च्या स्पॅनिश ग्रांप्रीतच लोटस या शर्यत संघाची गाडी गोल्ड लीफ सिगारेटच्या रंगात धावली होती. ‘फॉर्म्युला वनमध्ये चालकाला करारबद्ध करणारी पहिली घड्याळ कंपनी’ हे विधान निराळे आहे आणि ते निराळेच तपासावे लागते. त्यासाठी नंतरच्या जाहिरातींपेक्षा त्या वर्षीची नियतकालिके, तारीख असलेली छायाचित्रे आणि मूळ पत्रव्यवहार यांना मी अधिक वजन देतो. कंपनीच्या दप्तरातील उतारा मिळाल्यास आनंदच, पण असा उतारा बहुधा घड्याळ कधी बनले आणि कुठे पाठवले गेले इतकेच सांगतो. ते पुढे कोणाच्या हाती होते, हे त्यात नसते. मागील झाकणावरचे कोरीव नाव तर नंतरही कोरता येते, म्हणून कुटुंबाकडील पावती, पत्र किंवा हस्तांतराची सलग साखळी मागावी, आणि ती मध्येच तुटत असेल तर वर्णनात ‘यांचे’ न लिहिता ‘यांनी वापरलेल्या नमुन्याचे’ असे लिहावे.