हळू शिकणाऱ्या मोठ्या मुलाला मित्र कसे मिळवून द्यायचे

माझा भाऊ २३ चा आहे. सौम्य बौद्धिक अक्षमता, म्हणजे बोलतो चालतो, मोबाईल वापरतो, फक्त पैशाचा हिशोब आणि समोरच्याच्या बोलण्यातला टोमणा कळायला वेळ लागतो. शाळा होती तोवर पोरं होती आजूबाजूला, शाळा संपली आणि हा टीव्हीपुढं बसला तो बसलाच. ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी त्यालाच विचारा त्याला काय आवडतं. आम्ही नुसतं लग्नाला, बारशाला न्यायचो, तिथं शंभर माणसं, जो तो "काय रे बरा हैस का" म्हणून पुढं जाणार, ओळख होणार कशी? त्याला चालायला आवडतं. साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणारे ढीगभर, आणि रोज साधारण तेच चेहरे, तिथं सुरुवात केली. पहिले १५ दिवस मी सोबत, मग जरा मागनं, मग पायथ्याशीच थांबायला लागले. वेळ मात्र एक मिनिट इकडंतिकडं नाही, कारण वेळ बदलली की माणसं बदलतात आणि परत पहिल्यापासून.

बोलायची प्रॅक्टिस घरी करा, आईनं काका व्हायचं, त्यानं विचारायचं "आज लवकर आलात?", "चहा झाला का?" एवढंच. बोलणं थांबवायचं कसं हेही शिकवावं लागतं बरं का, आमचा तोच प्रश्न चारदा विचारायचा, आता "चला, निघतो" म्हणतो.

गणपती मंडळात पाठवणार असाल तर नुसतं उभं राहायला पाठवू नका, ठरलेलं एक काम मागून घ्या, आरतीचं ताट किंवा प्रसाद. त्याला विचारून एखाद्या कार्यकर्त्याला सांगून ठेवा की एका वेळी एकच गोष्ट सांग. एका मंडळात पोरांनी त्याला दिवसभर पळवलं आणि वर हसले, तो खूश, त्याला वाटलं दोस्ती झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून तीन गोष्टी पाठ करून घेतल्यात: दरवेळी तूच पैसे देतोयस का, तुला वाईट वाटेल असं करायला लावतायत का, "घरी सांगू नको" म्हणतायत का. यातलं एक जरी असलं तरी घरी सांगायचं. यूपीआय त्याच्या वेगळ्या खात्यावर ठेवा, थोडेच पैसे टाका, आणि पिन कुणालाच नाही, दोस्तालापण नाही.

खेळाची आवड असेल तर स्पेशल ऑलिम्पिक्स भारतबद्दल चौकशी करा, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी खेळ घेणारी संस्था आहे, ८ वर्षांपुढं कुणीही, वरची वयाची अट नाही, आणि युनिफाइड स्पोर्ट्समध्ये अक्षमता असलेले नसलेले एकाच टीममध्ये खेळतात. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर तेपण काढून घ्या, सवलतींना लागतं.

आणि कुणी घरी आलं तर मध्ये बसू नका. आपल्याला सवय लागलेली असते त्याच्या वतीनं उत्तर द्यायची, मलापण होती. दिवाळीत चालायच्या ग्रुपमधले दोघं फराळाला आले, मी चकलीचं ताट ठेवलं आणि आत गेले, बाहेर बराच वेळ कुणी काही बोलेना, मला राहवेना पण नाही गेले, मग तोच म्हणाला, "चहा झाला का?"