सी ड्राइव्ह भरली: रिस्टोर पॉइंट उडवण्याआधीची तयारी

विंडोज १० आणि ११ साठी. रिस्टोर पॉइंट म्हणजे बिघाड झाला तर मागे परतता यावं म्हणून विंडोजने जपून ठेवलेली ड्राइव्हची आधीची अवस्था. मागच्या वेळी यातली एक पायरी राहिली आणि गेलेल्या फायली परत आल्या नाहीत. ती पायरी, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्या आधी बाहेर काढणं, खाली पुन्हा पुन्हा येईल, वगळू नका.

लॅपटॉपला चार्जर लावा, रिसायकल बिन रिकामं करा. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, पण तिचं फॉरमॅट एनटीएफएस असू द्या. एफएटी३२ या दुसऱ्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

मग जागा कोण खातंय ते बघा. सगळ्या फोल्डरांची बेरीज आणि ड्राइव्हवर वापरलेली जागा यांचा मेळ बसत नसेल, तर सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या लपवलेल्या फोल्डरवर संशय घ्या. रिस्टोर पॉइंट तिथेच असतात. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा, ड्राइव्ह निवडून कॉन्फिगर उघडा. तिथे वापर किती आणि कमाल मर्यादा किती ते दिसतं. फक्त आकडे बघा. स्लायडरला हात लावू नका, डिलीट तर अजिबात दाबू नका.

आधी जुन्या आवृत्त्या बाहेर काढा. रिस्टोर पॉइंटमध्ये फक्त विंडोजच्या सेटिंग्ज असतात हा समज चुकीचा आहे. तो ड्राइव्हची शॅडो कॉपी धरून असतो: डिस्कवरचा एखादा भाग बदलायच्या आधी त्याची जुनी प्रत बाजूला ठेवली जाते. म्हणून तीन आठवड्यांपूर्वीची, आता पुसलेली एक्सेल फाइलही तिथे सापडू शकते. सी ड्राइव्हवर मात्र खात्री नाही, कारण विंडोज ८ पासून तिथे मुख्यतः सिस्टिमच्या फायलींच्याच जुन्या प्रती राखल्या जातात. ती जिथे होती त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. तारीख निवडून ओपन करा, रिस्टोर नाही. रिस्टोरने आजच्या फायलींवर जुन्या बसतात. हवं ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि तिथून उघडून बघा. डी ड्राइव्हवर सिस्टिम प्रोटेक्शन (रिस्टोर पॉइंट ठेवण्याची सोय) चालू असेल तर तिथेही हेच, कारण प्रत्येक ड्राइव्हचा साठा वेगळा.

आता स्लायडर. मर्यादा खाली आणली की त्यात न मावणारे पॉइंट लगेच जातात, सर्वांत जुना आधी, आणि ते रिसायकल बिनमध्ये येत नाहीत. जुन्या आवृत्त्या काढल्यात ना? नसतील तर वरचा परिच्छेद पुन्हा. २५६ जीबीच्या एसएसडीला ५ ते १० जीबी पुरतात. डिलीटने त्या ड्राइव्हचे सगळेच पॉइंट जातात. डिस्क क्लीनअपच्या मोअर ऑप्शन्समधलं बटण शेवटचा एक ठेवतं, पण बाकीच्यांबरोबर जुन्या आवृत्त्या तिथेही जातात. तेव्हा तिथेही आधी प्रीव्हियस व्हर्जन्स. झालं की क्रिएट दाबून ताजा पॉइंट करा.

जागा खाणाऱ्या बाकीच्या गोष्टी. विंडोज डॉट ओल्ड हे मागच्या विंडोजचं फोल्डर मोठ्या अपडेटनंतर १० दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्समधून काढा, मात्र मग मागच्या विंडोजवर परतता येत नाही. फाइल हिस्टरी, म्हणजे फायलींचा आपोआप बॅकअप घेणारी सोय, मुळात आवृत्त्या कायमच्या ठेवते, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये मुदत घाला. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्याची) फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के. हायबरनेशन बंद केलंत तर फास्ट स्टार्टअपही बंद.

रिकव्हरी पार्टिशनला, म्हणजे विंडोज दुरुस्तीसाठी डिस्कवर राखलेल्या वेगळ्या भागाला, हात लावू नका. जानेवारी २०२४ चं अपडेट त्यात २५० एमबी मोकळे नसल्यामुळे कित्येक मशीनवर अडलं होतं.