खलनायक मल्लांच्या लढती कशा पाहाव्यात

व्यावसायिक रेसलिंगची लढत बहुतेक जण नायकाकडे डोळे लावून पाहतात, आणि त्यामुळे लढतीतला बराच ऐवज नजरेतून निसटतो. निकाल आधीच ठरलेला असतो हे आता सर्वांना ठाऊक आहे; नागपुरात महाल-इतवारीकडच्या आखाड्यांत मातीत घाम गाळलेली जुनी मंडळी तर या प्रकाराला नुरा कुस्ती म्हणून मोकळी होतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण निकाल ठरलेला असतानाही हजारो माणसांना खुर्चीवरून उठवायचे कसे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर खलनायकाकडे, म्हणजे रिंगच्या भाषेत ‘हील’कडे असते. जुन्या अमेरिकी पद्धतीत लढतीची सूत्रे बहुधा त्याच्याच हाती असत. पुढचा डाव कोणता आणि गर्दी थंडावली तर काय करायचे, हे तोच पकडीत असताना प्रतिस्पर्ध्याच्या कानात सांगत असे.

पहिले काम निवडीचे आहे. एखाद्याने संपूर्ण कारकीर्द खलनायकीत काढली असे म्हणण्यापूर्वी ती कोणत्या संस्थेत आणि कोणत्या देशात काढली हे तपासावे, कारण आयुष्यभर खलनायक राहिलेल्या मल्लांच्या याद्यांमध्ये सर्वाधिक घोळ इथेच होतो. टेड डिबियासी 1987मध्ये ‘मिलियन डॉलर मॅन’ म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी संस्थेत आले आणि तेथे मल्ल म्हणून ते अखेरपर्यंत खलनायकच राहिले, परंतु त्याआधी मिड-साउथ या संस्थेत लोकांनी त्यांना नायक म्हणून डोक्यावर घेतले होते. पंजाबातून कॅनडात गेलेले टायगर जीत सिंग जपानमध्ये हातात तलवार घेऊन प्रेक्षकांत घुसत आणि लोक वाट फुटेल तिकडे पळत. तेच टोरांटोमध्ये मात्र लाडके होते. आयुष्यभराच्या कसोटीला सर्वांत जवळचा उतरणारा माणूस म्हणजे ‘द शेक’ या नावाने खेळलेले एड फारहात. लेबनॉनहून आलेल्या आईबापांचा मिशिगनमध्ये जन्मलेला हा मुलगा 1940च्या दशकाच्या अखेरीस रिंगमध्ये उतरला आणि पन्नास वर्षांच्या आसपास, अपवाद वगळता, लोकांच्या शिव्याच झेलत राहिला. इंग्रजी ही त्यांची रोजची भाषा असूनही ते कॅमेऱ्यासमोर बोलत नसत, आणि रिंगबाहेरही त्यांनी सोंग उतरू दिले नाही.

सुरुवात मात्र फारहात यांच्यापासून करू नये, कारण त्यांच्या लढती तुटक आणि रक्तबंबाळ आहेत. त्यांच्याऐवजी आयर्न शेक, म्हणजे इराणमध्ये जन्मलेले खोस्रो वझिरी, यांच्या न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील दोन लढती घ्याव्यात; दोन्ही इंटरनेटवर सापडतात. पहिली 26 डिसेंबर 1983ची, तेव्हाचे विजेते बॉब बॅकलंड यांच्याविरुद्धची. तिच्या शेवटी वझिरी बॅकलंड यांच्या पाठीवर बसून हनुवटीखाली दोन्ही हात गुंफतात आणि मान मागे खेचतात. बॅकलंड हार मानत नाहीत, पण त्यांचे मॅनेजर अर्नोल्ड स्कालंड टॉवेल फेकून त्यांच्या वतीने हार मानतात आणि विजेतेपदाचा बेल्ट जातो. दुसरी 23 जानेवारी 1984ची, हल्क होगन यांच्याविरुद्धची. वझिरी तीच पकड घालतात, आणि ज्या पकडीतून महिन्याभरापूर्वी विजेता सुटू शकला नव्हता तिच्यातून होगन उठून उभे राहतात, पाठीवरच्या माणसाला कोपऱ्यावर आदळतात, आणि थोड्याच वेळात लढत संपते. सहा मिनिटांहूनही कमी वेळ चाललेल्या या लढतीतून होगन यांचे पर्व सुरू झाले. पहिली लढत पाहिल्याशिवाय दुसरीतला तो क्षण कळत नाही. त्या पकडीचा दरारा डिसेंबरमध्येच बांधून ठेवलेला होता आणि तो बांधणारा माणूस हरण्यासाठीच उभा होता.

एकच लढत किमान दोनदा पाहावी. पहिल्यांदा आवाज मोठा ठेवून फक्त गर्दीकडे कान द्यावेत आणि हुर्यो कोणत्या क्षणी उठते हे टिपून ठेवावे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून खलनायकाचे हात आणि पाय पाहावेत. पिन करताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे खांदे जमिनीला टेकवून धरताना, दोरावर टेकलेला पाय, रेफरी वळताच डोळ्यांत गेलेला अंगठा, आणि मार बसू लागताच गुडघ्यावर येऊन जोडलेले हात, हे सारे नेमक्या वेळी घडते. हे समजण्यासाठी दोन नियम माहीत असले म्हणजे पुरे. प्रतिस्पर्ध्याचा हात दोरावर असताना पकड सोडण्यासाठी रेफरी पाचपर्यंत मोजतो, आणि चांगला खलनायक बरोबर चारावर सोडतो. दुसरे म्हणजे, बेल्ट ज्याच्याकडे आहे तो विजेता नियम मोडून बाद ठरला तरी बेल्ट सहसा त्याच्याकडेच राहतो. या दुसऱ्या नियमाच्या आडोशाने हाँकी टाँक मॅन यांनी 1987 ते 1988 असे 454 दिवस डब्ल्यूडब्ल्यूएफचा दुसऱ्या क्रमांकाचा, इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट सांभाळला: हरायची वेळ आली की ते काढता पाय घेत किंवा मुद्दाम बाद होत. शेवटी अल्टिमेट वॉरियर यांनी त्यांना अर्ध्या मिनिटात लोळवले, तेव्हा सव्वा वर्षाचा साठलेला राग एकदम मोकळा झाला. माझ्या मते खलनायकीचा इतका चिवट नमुना दुसरा नाही, आणि तरी चाहत्यांच्या गप्पांत त्यांचे नाव मागेच राहते.

या तयारीनंतर 15 डिसेंबर 1977 रोजी टोकियोत झालेली टॅग टीमची, म्हणजे दोन-दोनच्या जोड्यांची लढत पाहावी: एका बाजूला फारहात आणि अब्दुल्ला द बुचर, दुसऱ्या बाजूला डोरी आणि टेरी हे फंक बंधू. अब्दुल्ला टेरी यांच्या उजव्या दंडात काटाचमचा खुपसतात. टेरी बाहेर जातात, एकटे डोरी दोघांचा मार खात राहतात, आणि दंडाला पट्टी बांधून परतलेले टेरी डाव्या हाताने ठोसे मारू लागतात तेव्हा सभागृह अक्षरशः फुटते. अमेरिकेतून आलेले हे दोघे भाऊ जपानी प्रेक्षकांचे कायमचे आवडते झाले, ते या दोन खलनायकांमुळे. रक्त पाहवत नसेल त्यांनी ही लढत वगळावी, आणि लहान मुलांसमोर ती मुळीच लावू नये.

एका बाबतीत मात्र डोळस राहावे. यातील पुष्कळ खलनायकी परक्या देशाच्या द्वेषावर पोसलेली आहे. तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतील लोकांना ओलीस धरल्याचा राग अमेरिकेत ताजा होता म्हणून इराणी झेंडा घेऊन येणारे वझिरी चालले. त्यांचे रशियन जोडीदार निकोलाय व्होल्कॉफ तर प्रत्यक्षात युगोस्लाव्हियातील क्रोएशियन होते आणि कॅनडाचे अब्दुल्ला सुदानचे म्हणून मिरवले जात. हा भाग मला स्वस्तातला वाटतो, आणि सोबत मुले असतील तर तसे त्यांना स्पष्ट सांगावे. वझिरी 1971मध्ये अमेरिकेची हौशी ग्रीको-रोमन स्पर्धा जिंकलेले अस्सल कुस्तीगीर होते आणि रिंगमध्ये इराणी मुद्गल फिरवून दाखवत, हेही त्याच वेळी सांगावे.

शक्यतो या लढती एकट्याने पाहू नयेत. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडणाऱ्या नागपूरकराला सर्वांनी मिळून एका पुतळ्यावर राग काढणे म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. तोच मोकळेपणा इथे घरातल्या बैठकीत आणावा. सुटीच्या सकाळी तर्री-पोह्यांबरोबर दोन लढती पुरतात, त्याहून अधिक लावल्यास लक्ष पातळ होते. बैठकीत कुस्ती खेळलेला एखादा काका जरूर असावा. तो प्रथम नाक मुरडेल, पण वझिरी यांची पकड आणि वजन टाकण्याची पद्धत पाहून त्यांना खरी कुस्ती येत होती हे सर्वांत आधी तोच ओळखेल, आणि कोणता डाव खरा, कोणता दिखाऊ हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. प्रत्येक लढतीनंतर वहीत मल्लाचे नाव, संस्था, वर्ष आणि ज्या क्षणी सर्वांत मोठी हुर्यो उठली तो क्षण लिहावा. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की फारहात यांच्या डेट्रॉइटमधील लढतींकडे वळावे.