घरच्या लेथजवळ हत्यारांना धार लावण्याची जागा कशी उभारावी

लाकूड कातणाऱ्याच्या हत्याराची धार इतक्या लवकर का जाते, हे एका साध्या हिशेबावरून कळते. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, २५० मिलिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेपाशी गाउजच्या, म्हणजे पन्हाळीसारख्या खोबणीच्या कातण्याच्या हत्याराच्या, धारेखालून एका मिनिटात सुमारे ७८५ मीटर लाकूड सरकून जाते. मीटरभर लांबीच्या फळीवर एवढेच अंतर तोडायचे, तर रंध्याचे ७८५ हात मारावे लागतील. सुताराची पटाशी दगडावर शांतपणे घासून आठवडाभर पुरवता येते. कातणाऱ्याला मात्र एका वाडग्यात तीन-चार वेळा, आणि लाकूड वाळलेले व कठीण असेल तर त्याहूनही अधिक वेळा, धार काढावी लागते. म्हणून या जागेकडून दोनच अपेक्षा आहेत. एक, तिथे जायचा कंटाळा येऊ नये. आणि दुसरी, हत्याराला कालचाच आकार आणि कालचाच कोन आज पुन्हा मिळावा. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट या दोन अपेक्षांपैकी एकीसाठी आहे.

जागा आणि उंची

ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चाकावर धार लावण्याचे यंत्र, लेथपासून दोन-तीन पावलांवर असावा. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर "एवढा एक काप झाला की जाऊ" असे म्हणत माणूस बोथट हत्यार रेटत राहतो, आणि मग वाडग्याच्या आतल्या बाजूला उपटलेले तंतू सँडपेपरने तासभर घासत बसतो. ग्राइंडरच्या आसाची उंची उभ्या माणसाच्या कोपरापर्यंत किंवा त्याहून थोडी कमी ठेवावी. सुतारकामाच्या टेबलावर ग्राइंडर ठेवला की तो बहुधा खाली पडतो, पाठ वाकते आणि वाकलेल्या माणसाला धारेवरची ठिणगी नीट दिसत नाही. अशा वेळी खाली जाड लाकडी ठोकळा घालून तो उचलून घ्यावा. ग्राइंडर आणि जिगचा, म्हणजे हत्यार ठरावीक कोनात धरणाऱ्या साधनाचा, पाया एकाच जाड फळीवर बोल्टने आवळावेत. ग्राइंडर एका ठिकाणी आणि जिग दुसऱ्या ठिकाणी बसवली, तर थरथरीने त्यांच्यातले अंतर हळूहळू बदलते, आणि धार का बिघडते आहे हे कळायलाच महिना जातो.

ठिणग्यांचा विचार आधी करावा. लाकडाचा बारीक भुसा, तेलाने किंवा थिनरने भिजलेली फडकी आणि पॉलिशचे डबे ग्राइंडरच्या आसपास नकोत. लेथचा भुसा ओढणारे यंत्र ग्राइंडरला तर कधीच जोडू नये, कारण एखादी ठिणगी त्याच्या पिशवीत जाऊन भुशात बराच वेळ धुमसत राहू शकते.

ग्राइंडर आणि त्याचा वेग

२०० मिलिमीटर म्हणजे ८ इंची चाकाचा ग्राइंडर घ्यावा. चाक मोठे असण्याचा फायदा असा की, धारेमागचा उतार, ज्याला कारागीर बेव्हल म्हणतात, तो कमी खोलगट घासला जातो. १० मिलिमीटर लांबीच्या उतारावर २०० मिलिमीटरचे चाक मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका खोलगटपणा देते, तर १५० मिलिमीटरचे चाक सहाव्या भागाइतका. फरक थोडा आहे, आणि घरी ६ इंची यंत्र असेलच तर त्यासाठी नवे घेण्याचे कारण नाही.

वेगाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८५० फेऱ्या घेतो आणि संथ ग्राइंडर सुमारे १,४२५. ६० हर्ट्झवर हेच आकडे साधारण ३,४५० आणि १,७२५ होतात. नवशिक्याने संथ ग्राइंडर घ्यावा. त्यामागचे कारण सहसा "पोलाद तापत नाही" असे सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. आजची बहुतेक कातण्याची हत्यारे हायस्पीड स्टीलची असतात, आणि त्या पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, सुमारे ५५० अंश सेल्सिअसच्या अलीकडे उतरत नाही; टोक निळे पडले तरी धार बाद होत नाही. खरे कारण असे की, वेगवान चाकावर हाताची एक चूक दुप्पट पोलाद खाऊन जाते. मी पहिल्या वर्षी वेगवान ग्राइंडरवर शिकलो आणि त्या वर्षात एका चांगल्या बाउल गाउजची, म्हणजे वाडगे कातण्याच्या गाउजची, लांबी बोटाच्या पेराएवढी कमी केली. त्या हत्याराने कातलेले लाकूड मात्र त्या मानाने फारच थोडे होते.

जुनी, कार्बन स्टीलची हत्यारे असतील तर गोष्ट वेगळी आहे. त्यांचे पाणी २०० अंशांच्या थोडे वर गेल्यापासूनच उतरू लागते, आणि निळा रंग, जो ३०० अंशांच्या आसपास दिसतो, त्याचा अर्थ तेवढा भाग मऊ झाला असा होतो. ही हत्यारे वरचेवर पाण्यात बुडवून थंड करावीत. हायस्पीड स्टीलला मात्र तापल्यावर एकदम पाण्यात बुडवू नये, कारण धारेत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडू शकतात. ते हवेतच निवू द्यावे.

चाक निवडणे आणि बसवणे

ग्राइंडरबरोबर येणारे करडे चाक बहुधा फार कठीण असते. त्याचे बोथटलेले कण सुटून पडत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि मग ते घासण्यापेक्षा तापवण्याचेच काम करते. त्याऐवजी पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, ८० ग्रिटचे (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक), के दर्जाच्या, म्हणजे मऊसर, कठीणपणाचे चाक घ्यावे. दुसऱ्या बाजूला आकार बदलण्यासाठी ४६ किंवा ६० ग्रिटचे चाक ठेवता येते. हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक कार्बाइडच्या हत्यारांसाठी असते, आपल्या कामाचे नाही.

दुसरा मार्ग सीबीएन चाकाचा. सीबीएन म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइड. हा पदार्थ १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी प्रथम तयार केला, आणि कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल आहे. वेगाने फिरणारे हिऱ्याचे चाक पोलादावर टिकत नाही, कारण त्या उष्णतेत हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. सीबीएनला ही अडचण नाही. धातूच्या चाकावर या कणांचा पातळ थर बसवलेला असतो, त्यामुळे चाक झिजून लहान होत नाही, त्याला ड्रेसर, म्हणजे चाकाचा पृष्ठभाग सपाट करणारे साधन, लावावा लागत नाही (आणि लावूही नये) आणि दगडासारखी धूळ उडत नाही. हे चाक महाग असते. पण व्यास कायम राहिल्याने जिग एकदा लावली की वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि माझ्या मते त्याची किंमत या एका गुणासाठी मोजायची असते. त्यावर मऊ लोखंड, पितळ किंवा ॲल्युमिनियम मात्र टेकवू नये. ही चाके जड असल्याने अशक्त मोटरला वेग घ्यायला वेळ लागतो, हेही घेण्यापूर्वी पाहावे.

दगडी चाक बसवण्यापूर्वी त्याचा आवाज ऐकावा. चाक भोकात बोट घालून लोंबते धरावे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने, उभ्या मध्यरेषेपासून ४५ अंशांवर दोन्ही बाजूंनी हलकेच ठोकावे. चांगले चाक घंटेसारखे वाजते. भेगाळलेले चाक तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज देते. बद्द वाजणारे चाक फोडून टाकावे, म्हणजे दुसऱ्या कोणी ते चुकून बसवणार नाही. चाकावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त असल्याची खात्री करावी, दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नयेत आणि नट बेताने आवळावा. समोर उभे राहिल्यावर डाव्या हाताला येणाऱ्या चाकाच्या नटाचे आटे उलटे असतात. हे विसरून जोर लावणारे पुष्कळ भेटतात. नवे चाक पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभे राहावे आणि मिनिटभर ते तसेच फिरू द्यावे.

टेकू आणि जिग

ग्राइंडरचा मूळचा पत्र्याचा टेकू काढून तिथे रुंद, पक्का आणि कोन बदलता येणारा सपाट टेकू बसवावा. स्क्रेपर (खरवडणारे हत्यार), पार्टिंग टूल (लाकूड कापून वेगळे करणारे हत्यार) आणि तिरकी पटाशी, म्हणजे स्क्यू, यांना तो पुरतो. दगडी चाक आणि टेकू यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, नाहीतर हत्यार त्या फटीत ओढले जाते. वरची ठिणगी अडवणारी पट्टी चाकापासून ६ मिलिमीटरच्या आत असावी. दगड झिजला की दोन्ही पुढे सरकवावे लागतात.

खरी अडचण आहे ती मागे ओढलेल्या पंखांच्या, म्हणजे धारेच्या दोन्ही बाजू मागे नेत घासलेल्या, गाउजची. त्याचा उतार टोकाकडून दोन्ही पंखांकडे वळत जातो, आणि तो हाताने दर वेळी सारखा घासणे अनुभवी माणसालाही जड जाते. त्यासाठी चाकाच्या खालून पुढे येणारा, टोकाला व्ही आकाराची खोबण असलेला दांडा आणि त्या खोबणीत पाय टेकवून डोलणारी जिग वापरतात. इथे तीन मापे असतात: गाउज जिगच्या बाहेर किती निघतो, जिगच्या पायाचा कोन किती, आणि खोबण चाकापासून किती दूर. यांतले एक जरी बदलले तरी आकार बदलतो. म्हणून पहिली दोन मापे कायमची ठरवून टाकावीत आणि हत्यारानुसार फक्त तिसरे बदलावे. बाहेर निघणारी लांबी मी ४५ मिलिमीटर ठेवली आहे, आणि ती मोजण्यासाठी फळीच्या कडेवर एक लाकडी अडसर ठोकला आहे: जिग फळीला टेकवायची, गाउजचे टोक अडसराला लागेपर्यंत पुढे सारायचे आणि स्क्रू आवळायचा. फूटपट्टी लागत नाही.

तिसऱ्या मापासाठी प्रत्येक गाउजचा एक ठोकळा बनवावा. कोन एकदा मनासारखा जमला की दांडा तसाच आवळून ठेवावा, वाळलेल्या कठीण लाकडाची पट्टी घ्यावी आणि खोबणीच्या तळापासून चाकाच्या पृष्ठभागापर्यंत ती नेमकी बसेल अशी कापावी. पट्टीवर हत्याराचे नाव आणि कोन लिहून ती खिळ्याला टांगावी. पुढच्या वेळी चाक थांबलेले असताना पट्टी खोबणीत टेकवायची आणि तिचे दुसरे टोक चाकाला लागेपर्यंत दांडा सरकवायचा. चाकाशी थेट मोजल्यामुळे दगडी चाक थोडे झिजले तरी कोन जवळपास तोच राहतो.

कोनांबद्दल कातणाऱ्यांत एकमत नाही, पण सुरुवातीला पुढील आकडे धरायला हरकत नाही. बाउल गाउज ५५ अंश, स्पिंडल गाउज (लांबट, दांड्यासारखे लाकूड कातण्याचा) ४० अंश, स्पिंडल रफिंग गाउज ४५ अंश, स्क्यूचा दोन्ही बाजूंचा मिळून कोन ४० अंश, स्क्रेपर ७० ते ८० अंश.

प्रत्यक्ष धार काढताना

चेहरा पूर्ण झाकणारी ढाल घालावी, हातमोजे घालू नयेत. उतारावर मार्कर पेनने शाई फासावी आणि चाक बंद असताना हाताने एक फेरी फिरवून पाहावे. शाई फक्त टाचेकडे, म्हणजे उताराच्या धारेपासून दूरच्या कडेला, खरवडली तर खोबण चाकापासून दूर न्यावी लागेल. फक्त धारेकडे खरवडली तर जवळ आणावी लागेल. मध्यभागी किंवा पूर्ण उतारावर खरवडली तर जुळणी बरोबर आहे. मग ग्राइंडर चालू करून त्याला पूर्ण वेग घेऊ द्यावा आणि जिगचा पाय खोबणीत टेकवून गाउज चाकावर अलगद उतरवावा. दाब इतका कमी असावा की हत्याराचे स्वतःचे वजनच पुरेसे वाटावे. एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत न थांबता डोलवावे. नवशिक्याचा हात टोकावर रेंगाळतो, मग टोक बोडके होते आणि टोक व पंख यांच्या मध्ये उंचवटा राहतो. ठिणग्यांकडे लक्ष ठेवावे: सुरुवातीला त्या हत्याराच्या खालून जातात, आणि ज्या क्षणी त्या धारेवरून पन्हाळीत येऊ लागतात, त्या क्षणी तिथली धार झालेली असते. नेहमीच्या धारेला तीन-चार झोके पुरतात. आणखी घासणे म्हणजे पोलाद वाया घालवणे.

धार झाली की नाही ते दिव्याखाली पाहावे. बोथट कड उजेडात बारीक पांढऱ्या रेषेसारखी चमकते. तीक्ष्ण कड दिसतच नाही. यासाठी ग्राइंडरच्या वर हवा तसा वळवता येणारा दिवा हवाच. गाउज चाकावरून थेट लेथवर न्यावा. स्क्यूला मात्र ६०० ग्रिटच्या हिऱ्याच्या पट्टीवर दोन-चार हात मारले तर काप खरोखर सुधारतो. याच्या उलट स्क्रेपरवर चाकाने उठलेली बारीक कड घासून काढू नये, कारण तो तिच्याच जोरावर लाकूड कापतो.

दगडी चाकाचा पृष्ठभाग काळपट, चकचकीत दिसू लागला किंवा हत्यार उड्या मारू लागले की हिऱ्याच्या ड्रेसरने तो सपाट आणि ताजा करावा. त्या वेळी उडणारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर कधीही घासू नये, ते त्या दिशेच्या जोरासाठी बनवलेले नसते.

पट्ट्या टांगलेल्या खिळ्यांच्या वर एक जाड कागद चिकटवून ठेवावा. नवे हत्यार आले की पहिली धार काढण्यापूर्वी त्याच्या टोकाची बाह्याकृती त्या कागदावर पेन्सिलीने गिरवून घ्यावी आणि शेजारी कोन लिहावा. सहा महिन्यांनी तेच हत्यार त्या रेषेवर ठेवले की आकार कुठे आणि किती सरकला ते दिसते.