फ्लायसाठी तांब्याची रंगीत तार घेताय? या चुका टाळा

फ्लाय म्हणजे मासे पकडायला हुकवर पिसं, दोरा आणि तार बांधून केलेला नकली किडा. तिच्यासाठी रंगीत तारेची रिळं समोर आली की हात आधी लाल-हिरव्याकडे जातो. पहिली चूक तिथेच होते. आधी जाडी बघायची, मग धातू; रंगाचा नंबर शेवटचा.

फ्लायच्या दुकानात तार स्मॉल, ब्रॅसी, मीडियम, लार्ज अशा मापांत मिळते. यातलं 'ब्रॅसी' हे कोलोरॅडोतल्या साउथ प्लॅट नदीवर नावारूपाला आलेल्या, जवळपास नुसत्या तारेने बनणाऱ्या फ्लायचं नाव. आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची इनॅमलची (वर पातळ लेप असलेली) तारही चालते, फक्त ती गेजवर, म्हणजे जाडीच्या नंबरावर, मिळते आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: ३४ गेज म्हणजे साधारण ०.२३ मिमी, ३६ म्हणजे ०.१९, ४० म्हणजे ०.१२. हुकचंही असंच उलटं, १८ नंबरचा हुक १२ नंबरपेक्षा लहान. १८-२० नंबरच्या हुकला ४० गेज, १४-१६ ला ३६ च्या आसपास घ्या. लहान हुकवर जाड तार चढवली की फ्लायचं अंग फुगतं आणि नेढ्याजवळ गाठ मारायला जागा उरत नाही. रिवाइंडिंगच्या तारेला कमी लेखू नका. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर आपली फेझंट टेल निम्फ (पाण्याखाली वापरायची फ्लाय) दोऱ्याऐवजी अशाच बारीक तांब्याच्या तारेने बांधायचा.

खरी फसगत दागिन्यांच्या, हस्तकलेच्या दुकानात होते. तिथली चकचकीत रंगीत तार बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची असते, म्हणजे तांब्यापेक्षा तिपटीहून हलकी. ब्लेडने जरा खोल खरवडा. आत लालसर दिसलं तर तांबं. चुंबक चिकटला तर ती लोखंडी, परत ठेवून द्या.

रंग दिव्याखाली ठरवू नका. तुकडा ज्या पिसाची फ्लाय बांधणार त्याच पिसावर गुंडाळा, ओला करा आणि दिवसाच्या उजेडात बघा. खोल पाण्यात लाल रंग लवकर काळपट पडतो. मला विचाराल तर तांबूस, काळी आणि ऑलिव्ह एवढ्या तीन रिळांत हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या ट्राउट माशांचं भागतं. बाकीचे रंग आपल्याच हौसेचे.

बांधल्यावर रंग उडालेला दिसला तर पक्कड तपासा. दातेरी तोंडाने इनॅमल खरवडतं. तार मधेच तुटत असेल तर बहुतेक वेळा रिळावरून काढताना तिला पीळ पडलेला असतो. तो भाग सरळ करत बसू नका, टाकून द्या. शेपटाजवळ उंचवटा येत असेल तर तार एकाच जागी न बांधता हुकच्या दांडीवर पूर्ण लांबीभर दोऱ्याखाली घ्या. पिसाच्या अंगावर वेढे देताना तार पिसाच्या उलट दिशेने फिरवा. मग ती पिसांच्या रेषांत न बुडता त्यांना आडवी दाबून धरते.

उरलेलं टोक बारीक कात्रीने कापू नका. कात्रीची धार जाते आणि राहिलेला खुंट दोरा कापतो. टोक धरून मागेपुढे हलवा, गाठीला लागून आपोआप तुटतं.