कॅम्परव्हॅनने पायवाटेच्या श्रमदानाला जाताना या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून कॅम्परव्हॅन काढायची, डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करायचा आणि रविवारी सकाळी पायवाटेच्या दुरुस्तीला हात लावायचा, हा बेत हल्ली अनेकांना खुणावतो. अमेरिकेत मोटारहोमने फिरणारे अनेक स्वयंसेवक हेच काम करतात आणि कामाच्या बदल्यात त्यांना काही उद्यानांमध्ये गाडी उभी करायला जागा, वीज व पाण्याची जोडणीही मिळते. आपल्याकडे ही सोय गृहीत धरून निघणे ही पहिली चूक होय.

येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे आणि माहुलीचा किल्ला तानसा अभयारण्यात येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्रातील प्रवेश आणि वावर यांवर निर्बंध असल्याने, कोणत्या वाटेवर, किती माणसे, कोणती अवजारे घेऊन काय करणार आहेत, हे वनपरिक्षेत्र कार्यालयाला आधी लेखी कळवून परवानगी घ्यावी. श्रमदानाची परवानगी म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडी वनहद्दीबाहेर, गावात, जागेच्या मालकाला विचारून लावावी. मोकळे दिसणारे माळरानही कोणाचे तरी खळे किंवा गुरांची वाट असते. भांडी धुतल्याचे साबणाचे पाणी ओढ्यात सोडू नये आणि शौचालयाची टाकी तर शहरात परतल्यावरच, योग्य ठिकाणी रिकामी करावी.

पहार, कुदळ आणि फावडी गाडीत सुटी ठेवणे धोक्याचे असते, कारण घाटात ब्रेक लागताच पहार थेट चालकाच्या आसनाखाली सरकते. ती खाली, आडवी आणि पट्ट्याने आवळून बांधावी. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून कुदळीचा दांडा डुगडुगू लागतो. आदल्या रात्री कुदळ पाण्याच्या बादलीत उलटी ठेवली तर तो तात्पुरता घट्ट बसतो, परंतु नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय आहे.

प्रत्यक्ष कामात उत्साहाच्या भरात सगळा झाडोरा साफ केला जातो. घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या वनस्पती आहेत, कारवी मात्र इथलीच असून तिची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. ती अनेक वर्षांतून एकदाच फुलत असल्यामुळे एरवी निरुपयोगी झुडूप समजून तिच्यावर कोयता चालवला जातो. रानमोडी नुसती छाटली तर पुन्हा फुटते. म्हणून पावसाळा सरता सरता, माती ओली असताना आणि फुले येण्यापूर्वी ती मुळासकट उपटावी, तीही वनरक्षकाने दाखवलेल्या ठिकाणीच. किल्ल्यावर तटबंदीचे सुटलेले दगड पायऱ्यांसाठी उचलू नयेत. वाटेवरचा दगड हलवताना पहारीने आपल्यापासून दूरची कड आधी उचलावी, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसे असलेच तर ते आपल्याकडे येत नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र पाण्याच्या बाबतीत होते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही एका चढावर दोन दिवस खपून अकरा दगडी पायऱ्या बसवल्या आणि त्यांचे फोटो काढून समाधानाने परतलो. ऑगस्टमध्ये पाहिले तर पायऱ्या जागच्या जागी होत्या, पण पाण्याने त्यांच्या शेजारून गुडघाभर खोल घळ कोरली होती आणि ट्रेकर पायऱ्या सोडून त्या घळीतून चढत होते. ठाणे परिसरात पावसाळ्यात साधारण 2,500 मिलीमीटर पाऊस पडतो. उतरत्या वाटेवर आलेले पाणी वेग घेण्यापूर्वीच बाहेर काढले नाही, तर कोणतेही बांधकाम टिकत नाही.

त्यासाठी वाटेला दरीच्या बाजूने किंचित उतार द्यावा. एक मीटर रुंदीला सुमारे 5 सेंटीमीटर पुरतो. चढ तीव्र असेल तिथे आडवा दगडी बांध घालावा, मात्र तो वाटेशी काटकोनात नसावा. काटकोनातल्या बांधामागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारते. तोच बांध 45 ते 60 अंशांत तिरका घातला तर पाणी गाळासह बाहेर जाते. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गाडावा आणि बांधाचे खालचे टोक वाटेच्या कडेपलीकडे न्यावे, नाहीतर बाहेर काढलेले पाणी चार पावलांवर पुन्हा वाटेवर येते. नागमोडी वळणे तोडून पडलेल्या आडवाटाही पाण्याचे पाट बनतात. त्यांच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही तोंडांवर वाळलेल्या काट्या टाकाव्यात, कारण एकच तोंड बंद केले तर लोक दुसऱ्या बाजूने शिरतात.

काम जमले की फसले, हे उन्हात कळत नाही. प्रवेशाला बंदी नसेल तर जूनच्या पहिल्या सरींनंतर, अवजारांची गाडी न भरता, तीच वाट पुन्हा चढावी आणि प्रत्येक बांधाशी थांबून पाणी कुठे वळते ते पाहावे. जिथे ते बांधावरून उडी मारत असते, तिथे अनेकदा दगड बदलावा लागत नाही. बाहेरच्या तोंडाशी पाचोळा आणि मुरूम अडकलेला असतो, तो काठीने ओढून काढला की पाणी आपली वाट धरते.